साठीनंतरची वर्षे: अधिकार सोडावा, काम सोडू नये

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणे होतात. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता काय करायचे, हे मात्र त्या समारंभात कोणी सांगत नाही. साठ वर्षांच्या भारतीय माणसाच्या वाट्याला सरासरी आणखी अठरा वर्षांच्या आसपास आयुष्य येते, म्हणजे एखादे मूल जन्मून मतदार होईपर्यंतचा काळ. एवढ्या मोठ्या कालखंडासाठी आपण घरातल्या एका लग्नाइतकीही तयारी करत नाही.

शाळेतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षे झाली आणि त्यातली आठ वर्षे मी ज्येष्ठ नागरिक संघाचे काम करते आहे. या काळात जी माणसे दुःखी दिसली, त्यांतली बरीचशी दोन प्रकारची होती. काहींनी घरातला अधिकार हातातून सोडला नाही आणि रोज त्यावरून कोणाशी तरी त्यांचा खटका उडत राहिला. काहींनी अधिकारासोबत कामही सोडून दिले आणि दोन-तीन वर्षांत ती खुर्चीला खिळली. ज्यांचे म्हातारपण बघून बरे वाटते, त्यांनी अधिकार हळूहळू सोडला आणि काम मात्र शेवटपर्यंत हातात ठेवले. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच अनुभवावर बेतल्या आहेत.

‘आता काय राहिले आमचे’ हे वाक्य आपल्याकडे नम्रता म्हणून उच्चारले जाते, पण ते निरुपद्रवी नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका लहान गावातील ६६० लोकांच्या माहितीवर येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक इतरांपेक्षा साधारण साडेसात वर्षे अधिक जगले, असे त्यात आढळले; आणि प्रकृती, आर्थिक परिस्थिती व एकटेपणा हिशेबात धरूनही हा फरक उरला. तेव्हा पहिली सवय जिभेची. दुखणे असेल तर ते नेमके सांगावे, परंतु वयाला बोल लावून ते उडवून लावू नये.

पहिली पायरी: सहा महिने मोठा निर्णय नको

निवृत्तीची रक्कम खात्यात जमा होते त्याच सुमारास सल्ल्यांचा पाऊस पडतो. राहते घर विकून गावी बंगला बांधणे, मुलाच्या शहरात कायमचे जाणे, भाच्याच्या धंद्यात पैसा घालणे, यांपैकी काहीही पहिल्या सहा महिन्यांत करू नये. मुलाकडे जायचेच असेल, तर आधी तीन महिने पाहुणे म्हणून न राहता घरचे म्हणून राहून पाहावे आणि त्यात पावसाळ्याचा काळ येईल असे बघावे. दुसऱ्या शहरातल्या सातव्या मजल्यावर ओळखीचा भाजीवाला, शेजारी आणि देऊळ नसताना दिवस कसा जातो, हे त्याशिवाय कळत नाही.

याच काळात एका वहीत सलग आठ दिवस तासातासाची नोंद ठेवावी. दूरदर्शन आणि मोबाईल यांनी किती तास खाल्ले, हे स्वतःच्या अक्षरात लिहिलेले पाहिले की मन वळते. त्यानंतर दिवसाला तीन खुंट्या ठोकाव्यात: उठण्याची ठरलेली वेळ, घराबाहेर पडण्याची ठरलेली वेळ, आणि असे एक काम की जे आपण केले नाही तर कोणाचे तरी अडेल. तिसरी खुंटी सापडायला वेळ लागतो. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुसरी पायरी: पायांची ताकद आणि पडण्यापासून बचाव

माझे वडील त्र्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण ते पुन्हा एकटे घराबाहेर गेले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी पायांबद्दल विचारते आणि मग रक्तदाबाबद्दल.

एक साधी परीक्षा घरच्या घरी घेता येते. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावे, दोन्ही हात छातीवर दुमडावेत आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजावे. पासष्ट ते एकोणसत्तर या वयात पुरुषाला १२ पेक्षा कमी किंवा स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद त्या वयाच्या सरासरीहून कमी आहे आणि पडण्याचा धोका अधिक आहे, असे समजावे. उपायही याच कृतीत आहे: रोज दोन वेळा, झेपेल तितक्या वेळा, कोणीतरी जवळ असताना बसणे आणि उठणे. आपल्याकडे पाटावर बसून जेवण्याची रीत होती आणि त्या निमित्ताने हा व्यायाम दिवसातून अनेकदा घडत असे. गुडघे साथ देत असतील तर देवपूजा, भाजी निवडणे किंवा नातवंडाचा अभ्यास यांसाठी दिवसातून एकदा तरी जमिनीवर बसून उठावे. ज्यांचे गुडघे झिजले आहेत किंवा ज्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मात्र हा हट्ट धरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची आहे. त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असेही ती सुचवते. चालणे बहुतेक लोक करतात, तोलाचा व्यायाम जवळजवळ कोणी करत नाही. ओट्याला एक हात धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, मग पाय बदलणे, एवढ्यापासून सुरुवात करावी. चहाला उकळी येईपर्यंत हे सहज होते.

घरात बदल करायचे ते न्हाणीघरापासून. कमोडच्या आणि नळाच्या बाजूला भिंतीत पक्का दांडा बसवून घ्यावा. टॉवेल टांगण्याच्या नळीचा आधार कधीही घेऊ नये, कारण ती माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेली नसते. फरशी खडबडीत असावी, बसून अंघोळ करण्यासाठी रबरी पायांचे स्टूल असावे आणि दाराला आतून कडी लावण्याची सवय मोडावी. दाराबाहेर ‘आत आहे’ अशी पाटी अडकवली तरी काम भागते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा, वाटेत पायपुसणे आणि वायरी नसाव्यात. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे आणि मग उभे राहावे, कारण एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून घेरी येणे हे या वयात पडण्याचे नेहमीचे कारण आहे. झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो. त्या कोणाच्या सांगण्यावरून परस्पर सुरू करू नयेत आणि अनेक वर्षांच्या असतील तर एकदम बंदही करू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कराव्यात.

तिसरी पायरी: कान, ताट आणि औषधांची पिशवी

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लोक हल्ली वेळेवर करून घेतात. कानाचे यंत्र लावायला मात्र लाजतात, आणि ही लाज महाग पडते. ऐकू न येणारा माणूस आधी चारचौघांत गप्प बसतो, मग चारचौघांत जाणेच टाळतो आणि घरच्यांना वाटते की स्वभाव बदलला. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने केली, तिच्यातही श्रवणदोषाला मोठे स्थान आहे. दूरदर्शनचा आवाज वाढवण्यावरून घरात वाद होऊ लागले की श्रवणतपासणी करून घ्यावी. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत ते काढून कपाटात ठेवू नये.

ताटाच्या बाबतीत आपली मुख्य चूक म्हणजे वय वाढले की ‘हलके’ खावे या समजुतीने वरण पातळ होत जाते आणि संध्याकाळचे जेवण चहा-खारीवर येते. उतारवयात स्नायू झपाट्याने झिजतात आणि त्यासाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ सहा-सात ग्रॅम देते, एक अंडे सहा, दुधाचा पेला सहा-सात. हिशेब केला तर लक्षात येते की दोन्ही जेवणांत उसळ किंवा घट्ट वरण, जोडीला दही किंवा ताक आणि न्याहारीला अंडे, बेसनाचे धिरडे किंवा मोड आलेली कडधान्ये असल्याशिवाय हा आकडा गाठला जात नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. तहान कमी लागते म्हणून पाणी घड्याळाकडे बघून प्यावे.

उपवासांबद्दल मला तळमळीने सांगायचे आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर निरंकार राहणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एकादशी आयुष्यभर केलेल्या बाईला ‘सोडा’ असे सांगणे अवघड असते. परंतु दूध, ताक, दाणे, राजगिरा आणि फळे घेऊन, औषधांची मात्रा डॉक्टरांना आधी विचारून केलेला उपवासही उपवासच असतो.

औषधांसाठी एक काम या आठवड्यातच करावे. घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमे, आयुर्वेदिक चूर्णे आणि शेजाऱ्यांनी सुचवलेली कॅप्सूल एका पिशवीत भरून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर ओतावी. वेगवेगळ्या तज्ज्ञांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांत एकच औषध दोन नावांनी चालू असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, कारण त्या औषधाने त्याची पातळी खालावू शकते आणि मग पायांना मुंग्या येतात, विसरायला होते व तेही वयाच्या खात्यावर जमा होते. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. त्याचे कार्ड आजारी पडण्यापूर्वी काढून ठेवावे.

चौथी पायरी: पैसा आणि कागद

इथे भिडेला जागा देऊ नये. सर्वांत आधी वर्षभराचा घरखर्च पुरेल इतकी रक्कम सहज काढता येईल अशा ठिकाणी ठेवावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर एका व्यक्तीला तीस लाख रुपयांपर्यंत गुंतवता येतात, मुदत पाच वर्षांची असते आणि व्याज दर तिमाहीला मिळते. नियमित खर्चासाठी ती सोयीची आहे. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही. एक-दीड टक्का जास्त व्याजाच्या आशेने आयुष्याची पुंजी पतसंस्थेत ठेवून ती अडकलेली माणसे आपल्या प्रत्येक तालुक्यात भेटतात, म्हणून हा फरक पाठ असावा.

घराच्या बाबतीत घाई तर मुळीच करू नये. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, त्यामुळे ‘पुढची कटकट नको, आत्ताच नावावर करून टाका’ हा आग्रह जोर धरतो. पण बक्षीसपत्राची नोंदणी झाली की मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्राचे तसे नसते. ते मृत्यूनंतरच अमलात येते, हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक असते. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र आवश्यक असतात, आणि ते शक्यतो आपल्यापेक्षा तरुण व इस्टेटीत वाटा नसलेले असावेत. वय अधिक असेल तर मन स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. बँकेतला किंवा सोसायटीतला नॉमिनी सर्वसाधारणपणे मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने रक्कम किंवा मालमत्ता स्वीकारतो. त्यामुळे नॉमिनी नेमला म्हणून मृत्युपत्राची गरज संपली, असे समजू नये.

बक्षीसपत्र करावेच लागले, तर ‘देणाऱ्याचा सांभाळ आणि मूलभूत गरजा घेणाऱ्याने पुरवायच्या’ ही अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडल्यास ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात करायचा असतो. सल्ला हवा असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

दूरध्वनीवरील फसवणुकीसाठी एकच नियम पुरतो. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक करत नाही. असा फोन आला तर तो बंद करून मुलांना किंवा शेजाऱ्यांना लगेच सांगावे, आणि पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी.

पाचवी पायरी: घरातला अधिकार सोडणे

ही पायरी सगळ्यांत कठीण आहे. तिच्यासाठी एखादी तारीख ठरवता येत नाही, पण क्रम ठरवता येतो. पहिल्यांदा स्वयंपाकघर द्यावे. आमच्या घरी सून आली तेव्हा डब्यांच्या जागा तिने बदलल्या आणि मला आठवडाभर गूळ सापडला नाही. मी विचारत राहिले, पण डबे पूर्ववत लावले नाहीत. आज मागे वळून पाहताना वाटते की आमच्यातला सलोखा त्या आठवड्यात ठरला. त्यानंतर सणवार, देणेघेणे, आहेर-मानपान यांचे निर्णय द्यावेत. नातवंडांना शाळा कोणती, शिस्त कशी, हे तर मुळातच आपल्या अखत्यारीत नसते.

न विचारता सल्ला देण्याची ऊर्मी आली की तो सल्ला त्याच दिवशी बोलू नये, उद्यापर्यंत थांबावे. उद्याही तो तितकाच गरजेचा वाटला तर एकदाच, एकट्याला गाठून सांगावा. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी आपल्यालाच तो आठवत नाही.

मात्र अधिकार सोडणे म्हणजे स्वतःला वाऱ्यावर सोडणे नव्हे. आपले बँकखाते, आपल्या खोलीतले कपाट, आपल्या झोपेची वेळ आणि आपल्या प्रकृतीबद्दलचे निर्णय आपल्याकडेच राहावेत. नातवंडांना सांभाळण्याचे तासही आधी मोकळेपणाने ठरवून घ्यावेत. मूल सांभाळणे आनंदाचे आहे आणि थकवणारेही आहे. सत्तरीतल्या आजीने दोन वर्षांच्या नातवामागे रोज दहा तास धावावे, अशी अपेक्षा असेल तर नाही म्हणण्यात प्रेमाची उणीव नाही.

सहावी पायरी: ज्याच्याविना कोणाचे तरी अडते असे काम

धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ १९१६ मध्ये स्थापन केले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते, म्हणजे ज्या वयात महाराष्ट्र शासनाचा बहुतेक कर्मचारीवर्ग आज निवृत्त होतो त्या वयाचे. १९२९ मध्ये, एकाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते परदेश प्रवासाला निघाले; १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी आणि १९४४ मध्ये जातिभेद दूर करण्यासाठी त्यांनी नव्या संस्था सुरू केल्या. आपण सगळे कर्वे होणार नाही, पण त्यांच्या आयुष्यातून घेण्यासारखी एक गोष्ट अगदी व्यवहारातली आहे: दर टप्प्यावर त्यांनी जुनी संस्था इतरांच्या हाती सोपवली आणि स्वतः नवे काम घेतले.

आपल्या आवाक्यातले काम शोधताना त्यात तीन गुण पाहावेत. ते आठवड्यातून ठरलेल्या दिवशी असावे, त्यात आपल्यापेक्षा लहान वयाच्या माणसांशी संबंध यावा आणि त्यासाठी घराबाहेर पडावे लागावे. जवळच्या शाळेत मुलांना वाचायला शिकवणे, ग्रंथालयात पुस्तके लावणे, सोसायटीचा हिशेब पाहणे, सरकारी कार्यालयात अर्ज भरून देणे, भजनी मंडळाची पेटी वाजवणे, यांपैकी काहीही चालते. आमच्या संघातले एक निवृत्त तलाठी दर मंगळवारी लोकांना सातबारा समजावून देतात, आणि त्यांच्या दारात त्या दिवशी चपलांची रांग असते.

माणसे टिकवण्यासाठीही थोडी शिस्त लागते. दर आठवड्याला एका जुन्या मैत्रिणीला किंवा मित्राला फोन करावा, दर महिन्याला एकाला भेटायला जावे. एसटीत पासष्ट ते पंचाहत्तर वयापर्यंत निम्मे भाडे आणि पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास आहे. त्याचा उपयोग केवळ देवदर्शनासाठी न करता माणसांसाठीही करावा. समवयस्कांची संख्या दरवर्षी घटत जाते, म्हणून दहा-वीस वर्षांनी लहान असलेले दोन-तीन स्नेही असणे फार महत्त्वाचे आहे.

सातवी पायरी: जोडीदारांनी एकमेकांची कामे शिकावीत

वडील गेले तेव्हा आईला स्वतःचे बँकखाते कुठल्या शाखेत आहे हे माहीत नव्हते. निवृत्तिवेतनाचा अर्ज, हयातीचा दाखला, विजेचे बिल, सगळे त्यांनीच सांभाळले होते आणि तेही प्रेमापोटीच. उलट बाजूने, पत्नीच्या मागे साधा कुकर लावता न येणारे आणि सहा महिने डब्यावर काढून वजन घटलेले पुरुष मी पाहिले आहेत. त्यामुळे दोघेही धडधाकट असताना एक महिना कामांची अदलाबदल करावी. पतीने वरणभात, पोळी किंवा भाकरी, एक पालेभाजी आणि किराण्याची यादी शिकावी. पत्नीने बँकेत जाऊन व्यवहार करावा, एटीएममधून स्वतः पैसे काढावेत, दोघांचीही विमापत्रे वाचावीत आणि नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला कसा द्यायचा ते पाहून ठेवावे. ऐंशीच्या पुढील निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो.

जोडीदार गेल्यानंतरचे दुःख आवरायला कोणी घाई करू नये. मात्र कित्येक आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, बोलणे बंद झाले आहे अशी लक्षणे दिसली, तर ‘वय झाले, असे व्हायचेच’ म्हणून सोडून देऊ नये. नैराश्य हा आजार आहे आणि सत्तरीतही तो उपचारांनी बरा होतो.

आठवी पायरी: शेवटच्या आजाराबद्दल आधी बोलून ठेवणे

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि बरे होण्याची आशा उरली नसताना कृत्रिम उपचार नकोत असे आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता हा दस्त दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतो, आणि आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावे त्यात लिहायची असतात. त्याची एक प्रत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी.

कागदापेक्षा त्याबद्दलचे बोलणे अवघड असते. अतिदक्षता विभागाच्या बाहेर, रात्री दोन वाजता, तीन भावंडांनी तीन मते मांडावीत अशी वेळ येऊ द्यायची नसेल, तर ही गोष्ट सगळे एकत्र असताना, सगळ्यांच्या देखत सांगावी लागते. मी ती गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, जेवणे आटोपल्यावर सांगितली. मुलगी उठून आत गेली, मुलगा खाली मान घालून बसला, आणि थोड्या वेळाने सुनेने विचारले, “आई, फाइल कुठे ठेवली आहे?” ती देवघराच्या खालच्या कप्प्यात, निळ्या कव्हरात आहे, आत मृत्युपत्राची प्रत, खात्यांची यादी, औषधांची यादी आणि हा दस्त आहे, आणि वरच्या पानावर पुढच्या भाऊबीजेची तारीख लिहिली आहे, त्या दिवशी ती पुन्हा उघडायची म्हणून.